होडी एकदाच उतरते

कॅलेडन, सेंट इवो
४ ऑक्टोबर

थॅडियस,

'प्रिय' लिहावं की नाही, यात चहा गार झाला. शेवटी नुसतं नाव लिहिलं. मीच ठेवलेलं आहे, तेवढा हक्क मला आहे.

फोन का केला नाही म्हणशील, तर केला होता. तो वाजतो, वाजतो आणि मग एक बाई सांगते की तुम्ही ज्यांना फोन केलाय ते आत्ता उपलब्ध नाहीत. माझा मुलगा चार वर्षं उपलब्ध नाही हे मला ठाऊक आहे, त्यासाठी परक्या बाईची गरज नाही. म्हणून हे पत्र. फेरीबोटीवरचा आचारी अर्ल मोठ्या बेटावर उतरून तुझ्या ऑफिसात आणून देईल. हातात दे, टेबलावर ठेवू नकोस, असं त्याला बजावलंय.

भांडण उकरायला लिहीत नाही. इथं एक गंमत झाली, ती सांगायला लिहितेय.

गेल्या गुरुवारी दिवेलागणीला शाळेत सभा होती. सरकार आपल्या बेटासाठी पर्यटनाची मोठी योजना आखतंय म्हणे. तिची माहिती द्यायला मंत्रालयानं परदेशातून आणलेला सल्लागार आला होता, मिस्टर पामर. उंच, हडकुळा, उन्हानं उकडलेल्या कोळंबीसारखा लाल झालेला. बिचारा आधीच येऊन फळ्याजवळ उभा होता. पहिली आपली शेजारीण आयोना आत शिरली. रीतीप्रमाणे म्हणाली, "गुड नाइट!" तो दचकला, पण हसून त्यानंही म्हटलं. तिच्यामागून हेडमास्तर, "गुड नाइट!" मग सगळं गाव. आता तुला काय सांगायचं, दिवस मावळल्यावर दारात आलेल्या माणसानं हेच म्हणायचं असतं, आणि न म्हणेल त्याला आईनं काही शिकवलं नाही असं आपण धरतो. पण पामरच्या देशात हे निघताना म्हणतात, झोपायला जाताना! एकामागून एक माणूस येतोय आणि त्याला निरोप देतोय. शेवटी तुझा एबन काका आला, आणि दोर ओढणाऱ्यांना हाळी देतो तसल्या आवाजात दारातूनच ओरडला, "गुड नाइट!" पामरनं कागद गोळा केले, टोपी घातली, "समजलं, समजलं, तुमच्या भावनांचा मला आदर आहे" असं म्हणत मागच्या दारानं निघून गेला. आणि आम्ही सगळे बाकांवर बसून त्याची वाट बघतोय. आयोना म्हणते, "पोट बिघडलं असेल बाई, इथलं पाणी लागतं त्यांना."

हेडमास्तरांनी धक्क्यापर्यंत धावत जाऊन त्याला परत आणला. मग त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली. पहिल्या चित्रावर लिहिलं होतं, 'सेंट इवो : कॅरिबियनचा दडलेला मोती'. एबन म्हणाला, "दडलेला कसला? दोनशे वर्षं उघड्यावर बसलोय इथं."

खोटं कशाला बोलू, काही गोष्टी मला आवडल्या. नवा धक्का, पोरापोरींना शिक्षण, घरातल्या रिकाम्या खोल्या पाहुण्यांना द्यायची सोय. आयोनाच्या तीन खोल्या रिकाम्या आहेत. तिचे डोळे असे चमकले, की पुढच्या बाकावर उजेड पडला असेल. इथली पोरं बोटीत बसून जातात ती परत येत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको.

पण पुढं दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे किनाऱ्यावर देवळापासून तिवरांपर्यंत भिंत बांधून फरसबंदी रस्ता, वर दिवे आणि दुकानं. नव्या वर्षात काम सुरू. दुसरी म्हणजे दर बुधवारी अकरा वाजता, जहाजातले पाहुणे आले की, 'पारंपरिक होडी-उतरण सोहळा'.

एबननं विचारलं, "दर बुधवारी नवी होडी कुठून आणायची?"

पामर म्हणाला, "नवी कशाला? एकच. चाकांवर बसवायची, पाण्यात उतरवायची, पाहुणे गेले की परत वर ओढायची."

मग आयोना उठली. "मग माझंही दर बुधवारी लग्न लावा. नवरा तोच चालेल, जेवण मात्र दर वेळी नवं पाहिजे."

सगळी शाळा हसली, एबन सोडून. तो म्हणाला, "होडी एकदाच उतरते, मिस्टर. दुसऱ्यांदा उतरते ती बुडायला. हे कुणा शहाण्याच्या डोक्यातून निघालंय? नाव सांगा त्याचं." पामर म्हणाला, मंत्रालयात ठरलंय. नाव त्यानं सांगितलं नाही.

तुझ्या बाबांनी जिचा तळाचा कणा घातला, ती होडी अजून तिथंच वाळूत टेकूंवर उभी आहे. एबननं एकट्यानं ती फळ्यांनी मढवत आणलीय. भिंत झाली तर ती होडी आणि पाणी यांच्या मधोमध येणार. मग ती होडी राहणार नाही, कोंबड्यांचं खुराडं होईल. तू त्याच मंत्रालयात आहेस म्हणून विचारते. हे कुणी लिहिलं, ते तुला माहीत असेल तर त्याच्या कानावर घाल.

समोर बसून कुणीतरी लाकूड तासायच्या वाकसाला धार लावतंय, त्या आवाजानं डोकं उठलंय. थांबते. शेवटी गुड नाइट लिहीत नाही. तू गेलेला आहेस, आलेला नाहीस.

तुझी आई,
युफेमिया

*

२१ ऑक्टोबर

थॅडियस,

अर्ल सांगतो, पत्र तू हातात घेतलंस, पाकीट उलटंसुलटं करून पाहिलंस आणि खिशात घातलंस. निदान कचऱ्यात टाकलं नाहीस.

पामर परत आला होता, या वेळी सकाळी. सरळ किनाऱ्यावर गेला आणि होडीसमोर उभा राहून एबनला प्रश्न विचारायला लागला. लाकूड कुठलं? किती दिवस लागतात? एबन वाकस चालवतोय, जणू समोर माणूस नाहीच. शेवटी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले, "अहो, आधी गुड मॉर्निंग म्हणा! नाहीतर तो संध्याकाळपर्यंत बहिरा राहील!" पामरनं टोपी काढून म्हटलं. लगेच एबनला ऐकू यायला लागलं. मग त्यानं त्या माणसाला दुपारपर्यंत सोडलं नाही. झाडाची वाकडी फांदी बघूनच तिच्यातली होडीची फासळी कशी निवडायची, हे दाखवायला त्याला वर डोंगरात घेऊन गेला. आला तेव्हा पामरची पाटलोण फाटली होती आणि चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

मी त्याला माशाचा रस्सा आणि उकडलेला नीरफणस वाढला. खाता खाता तो म्हणाला, "मंत्रालयात एक तरुण अधिकारी आहे, इथलाच. सगळी कल्पना त्याची. होडी उतरण्याबद्दल तो असं बोलतो, की ऐकतच राहावं. त्याच्यामुळंच तर मी ही योजना हाती घेतली." मी त्याला आणखी रस्सा वाढला. दुसरं काय करणार?

आता लपवत नाही. मला त्या दिवशी शाळेतच कळलं होतं. सोहळ्याच्या चित्रात होडीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, पिवळ्या सदऱ्यातला एक माणूस उभा होता. पिवळा सदरा घालून होडी उतरवणारा या किनाऱ्यावर एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझा नवरा होता. लोक हसायचे, "लेनॉक्स, पिकलेलं केळं दिसतोस!" तू त्याला इतक्या नीट रंगवलंस, बाह्या दुमडलेल्यासुद्धा. आणि त्याच माणसाच्या होडीपुढं भिंतही तूच काढलीस. हे मला जुळवता येत नाही, बाळा. खूप प्रयत्न केला.

चार वर्षांपूर्वी लेनॉक्स गेल्यावर नवव्या रात्रीचं जेवण होऊन लोक पांगले, तेव्हा तू म्हणालास, होडी अशीच कुजणार, त्यापेक्षा मोठ्या बेटावरच्या हॉटेलला विकून टाकू, ते तिचा बार करतील. एबन म्हणाला, "बापाची शवपेटीही विक मग, तिच्यावर बाटल्या छान बसतील." तू म्हणालास, या वाळूत पुन्हा पाय ठेवणार नाही. दोघांचंही दुःख खरं होतं आणि दोघांचीही जीभ घाण होती. मी भांडी घासत होते. तुम्ही दोघंही माझ्याशी भांडला नव्हतात, पण चार वर्षं शिक्षा मलाच चालू आहे.

नियम तुला माहीत आहे. ज्यानं कणा घातला त्यानं, नाहीतर त्याच्या रक्तानं, पहिला टेकू तोडायचा. एबन भाऊ आहे, पण सावत्र. त्याची आई वेगळी होती आणि बापाचं नाव त्याला उशिरा मिळालं. त्यामुळं या बाबतीत तो पोपपेक्षा कडक आहे. म्हणतो, "लेनॉक्सच्या पोराशिवाय टेकू पडणार नाही. होडी कुजली तरी चालेल." ती नाताळपर्यंत तयार होईल. जानेवारीत भिंत येईल.

दोन हट्टी गाढवं आणि मधे मी.

आई

*

५ नोव्हेंबर

सहायक नियोजन अधिकारी साहेब,

आपल्या कार्यालयाचं पत्र मिळालं. छापील आहे, वर मोराचं, नाही, पोपटाचं चित्र आहे. "माननीय नागरिक, आपली सूचना प्राप्त झाली असून तिची नोंद घेण्यात आली आहे." खाली तुमची सही.

नोंद घेतली? मी तुला नऊ महिने पोटात घेतलं, साहेब, आणि त्याची कुठं नोंद केली नाही. तुला गोवर झाला तेव्हा तीन रात्री मांडीवर घेतलं, त्याचीही नाही. आमच्याकडे कारकून नव्हता.

तुमचं पत्र मी आयोनाच्या बकरीला घातलं. तिनं सगळं खाल्लं, 'नोंद' हा शब्द तेवढा ठेवला. बकरीलाही तो पचला नाही.

एक माननीय नागरिक

*

२३ नोव्हेंबर

थॅड,

तुझी चिठ्ठी पोचली. हातानं लिहिलेली आहे, म्हणून 'थॅडियस'चा 'थॅड' केला. ते पत्र ऑफिसनं आपोआप पाठवलं आणि सही रबरी शिक्क्याची होती, हे मान्य. बकरीची माफी मागणार नाही, तिनं योग्य तेच केलं.

तू तीनच ओळी लिहिल्यास. योजना आता वरपर्यंत गेलीय, तू लहान माणूस आहेस. भिंत तू काढली नव्हतीस, तू फक्त होडी काढलीस, बाकीच्यांनी तिच्याभोवती बाजार काढला. आणि शेवटची ओळ, "एबन काका माझ्याबद्दल विचारतो का?"

पहिल्याचं उत्तर हे, की लहान माणसाचं चित्र जर इतकं पुढं जातं, तर लहान माणसाची दुरुस्तीही जाईल. पाठवून तर बघ.

शेवटच्या ओळीचं उत्तर, नाही. तो विचारत नाही. तू सात वर्षांचा असताना लेनॉक्सनं तुला जो छोटा वाकस करून दिला होता, तो छपरात टांगलाय. एबन दर रविवारी तो काढतो, तेल लावतो आणि परत टांगतो. हेडमास्तरांच्या नातवानं मागितला, तर म्हणाला, "तो कुणाचा तरी आहे." एवढंच. विचारत मात्र नाही.

मोजणीची माणसं आली होती. किनाऱ्यावर त्यांनी लाल फीत बांधलेल्या खुंट्या ठोकल्या. एक खुंटी बरोबर होडीच्या नाळेपुढं, पाण्याच्या आणि तिच्या मधे. एबन शिव्या देईल म्हणून सगळं गाव ऐकायला गोळा झालं. त्यानं काही नाही केलं. आयोनाची बकरी आणली आणि त्या खुंटीला बांधली. म्हणाला, "सरकारनं पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं केलं."

हसले मी, तेवढ्यापुरती. ती खुंटी फार जवळ आहे रे. खिडकीतून दिसते.

मी झेंडा शिवायला घेतलाय. होडीचं नाव त्याच्यावर आहे. शिवणारीनं ते कुणाला सांगायचं नसतं, म्हणून तुलाही सांगत नाही. एबनलाही नाही. तो कापडाच्या रंगावरून ओळखायला बघतो आणि मी त्याला स्वयंपाकघरातून हाकलते. निळं कापड, पांढरी अक्षरं. उजेडात शिवावं लागतं, डोळे आता पूर्वीसारखे नाहीत.

शिवताना तुझे बाबा आठवतात. मासेमारीहून येताना फाटकाशीच ओरडायचे ते, आठवतं? निम्म्या गावाला ऐकू जायचं. तू जेवण अर्धवट टाकून धावायचास आणि आधी तेच ओरडायचास, त्यांच्याहून मोठ्यानं. मी म्हणायची, अरे, बाहेरून येणाऱ्यानं म्हणायचं असतं, घरातल्यानं उत्तर द्यायचं असतं. तुम्ही दोघंही ऐकायचा नाहीत.

आई

*

१० डिसेंबर

प्रिय थॅड,

तू काहीच लिहिलं नाहीस. अर्ल सांगतो, ऑफिसात नाहीस, कुठंतरी बैठकांना फिरतोस, डोळ्यांखाली काळं झालंय. खातोस की नाही देव जाणे. त्याच्याबरोबर आंबट सरबताची बाटली आणि नाताळचा काळा केक पाठवतेय. केक साहेबांना वाटू नकोस.

एबननं तारीख ठरवली. अठ्ठावीस डिसेंबर, मोठी भरती आहे. देवळाच्या पायरीवर उभं राहून त्यानं सगळ्या गावाला सांगून टाकलं. घरी आल्यावर मी विचारलं, "थॅडचा होकार आलाय का?" म्हणाला, "नाही." "मग पहिला टेकू कोण तोडणार?" म्हणाला, "भरती येणार आहे. बाकीचं भरतीला विचार." आणि जेवायला बसला. जेवला मात्र अर्धंच.

म्हणजे आता असं आहे. त्या दिवशी तू आलास तर होडी उतरेल. नाही आलास तर नाही उतरणार, आणि पुढच्या आठवड्यात भिंतीवाल्यांचा सिमेंट कालवायचं यंत्र येईल. मी तुला घाबरवत नाही. जे आहे ते लिहिलं.

पामरनं विचारलंय, त्या दिवशी बंदरात जहाज आहे, त्यातल्या पाहुण्यांना बघायला आणलं तर चालेल का. मला वाटलं, एबन त्याला पाण्यात ढकलणार. पण एबन म्हणाला, "येऊ देत. आपल्याकडे नियम आहे, दोर ओढेल तो जेवेल. फोटो काढेल त्यानं फोटो खावा." पामरनं ते लिहून घेतलं. त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. बरं शिजतंय असं वाटतं.

साहेब म्हणून येणार असशील, तर हेडमास्तरांकडे उतर, त्यांच्याकडे पंखा आहे. मुलगा म्हणून येणार असशील, तर तुझ्या खोलीत धुतलेली चादर घातलीय. दारात काय म्हणायचं ते विसरला असशील तर पामरला विचार. त्याला आता येतं.

तुझी,
आई

*

११ जानेवारी

माझ्या थॅड,

तू गेल्यापासून घर मोठं वाटतंय. पण चार वर्षांत वाटायचं तसलं नाही. परत येणारा माणूस गेला की वाटतं, तसलं.

दोन-तीन गोष्टी तुला माहीत नाहीत. तू एकतर दाराबाहेर होतास, नाहीतर होडीच्या पलीकडे होतास. त्या सांगायलाच हव्यात म्हणून बसलेय.

सत्तावीस तारखेच्या संध्याकाळी तू फाटकाशी आलास, तेव्हा दार उघडायला एवढा वेळ का लागला? तुला वाटलं असेल म्हातारी बहिरी झाली. अरे, फेरीबोटीचा भोंगा वाजल्यापासून मी दाराआड उभी होते! तू म्हणालास, "हॅलो?" मी कडीला हात घातला. एबननं मनगट धरलं. "थांब." बाहेरून तू, "कुणी आहे का?" मी त्याला चिमटा काढला. तो हलेना. मग तू म्हणालास, "आई, मी आहे." माझ्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं. मी कुजबुजले, "सोड, मेल्या, परत जाईल तो!" एबन म्हणाला, "जाणार नाही. शोधतोय तो. सापडू दे त्याला." किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर तुझ्या बॅगेची चाकं खडीवर एकदा वाजली.

आणि मग तू ओरडलास. बापासारखा. निम्म्या गावाला ऐकू जाईल असा.

कडी त्यानंच काढली, मी नाही. तुला तो फक्त "गुड नाइट, बारीक झालास" म्हणाला, ते तू ऐकलंस. तू माझ्या गळ्यात होतास तेव्हा तो मागच्या दारानं गेला आणि पाण्याच्या टाकीआड उभा राहून रडला, ते तुला ठाऊक नाही. मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस.

आणखी एक. ही सगळी पत्रं मी लिहिली, तेव्हा तो समोरच बसायचा, वाकसाला धार लावत. धार कसली, पातं झिजून कागद झालंय. "आता काय लिहिलंस?" "विचारतोय का असं त्यानं लिहिलंय? मग सांग, नाही विचारत." आणि उठून छपरातला तो छोटा वाकस काढायचा. शाळेतल्या चित्रातला पिवळा सदरा त्यानंही ओळखला होता. डोळे अधू आहेत म्हणतो, पाहिजे ते बरोबर दिसतं त्याला.

आता दुसऱ्या दिवसाचं. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, एबननं रम आणि तांदूळ टाकले, आणि कुऱ्हाड तुझ्यापुढं धरली. तू हात पुढं केलास, तर म्हणाला, "आधी सरकारचा टेकू काढ." बकरी सोडून तू ती लाल फितीची खुंटी दोन्ही हातांनी धरलीस, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात लोंबतंय, आणि खुंटी निघाली तसा वाळूत उताणा पडलास. सगळे हसले, ते तू ऐकलंस. तुझ्या पाठीमागं एबननं टोपी काढली, ते तू पाहिलं नाहीस. एबन देवळातसुद्धा टोपी काढताना कुरकुरतो.

मग तू पहिला टेकू तोडलास, आणि बाकीचे पडत गेले, आणि होडी अलगद कुशीवर झोपली. एक तडा नाही. दोराला सगळं गाव आणि जहाजातले पाहुणे. ती गुलाबी टोपीवाली जाड बाई आठवते? टोपी पाण्यात गेली, चप्पल वाळूत गेली, दोर सोडला नाही तिनं. मटणभात तीनदा घेतला. निघताना आयोनाच्या गळ्यात पडून म्हणाली, आयुष्यात आजवर पैसे देऊन खूप काही पाहिलं, पण "ये, हात लाव" असं कुणी म्हटलं नव्हतं. तिनं फेब्रुवारीसाठी आयोनाच्या तिन्ही खोल्या घेतल्या, बहिणींसकट येणार आहे. आयोना आता माझ्याशी हॉटेलवाल्यांच्या सुरात बोलते. पामर बेंबीच्या देठापासून "ओढा!" ओरडत होता, उच्चार आपला.

होडी तरंगली आणि झेंडा उलगडला, तेव्हा तू छातीभर पाण्यात पलीकडच्या बाजूला होतास, अक्षरं तुला उलटी दिसली असतील. निळ्यावर पांढरं, 'गुड नाइट'. पाहुणे एकमेकांना विचारायला लागले, आत्ता जन्मलेल्या होडीला निरोप कसला? मी उत्तर द्यायच्या आत पामर त्यांना सांगायला लागला, "नाही, नाही, इथं हे आल्यावर म्हणतात." इतक्या ऐटीत सांगत होता, जणू त्याच्या आजोबांनीच ही रीत पाडली.

धक्क्यावर तू विचारलंस, "आई, हेच नाव का?" फेरीचा भोंगा वाजला आणि तू बोटीत चढलास.

तर ऐक. तुझ्या बाबांना छातीत दुखायला लागलं, तेव्हा पहाटेच्या बोटीनं मोठ्या बेटावर दवाखान्यात नेलं. फाटकाशी म्हणाले, "संध्याकाळी येतो." आले ते दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पेटीतून. दुपारी कुणी गुड नाइट म्हणत नाही. चार वर्षं मला तेच सलत होतं. मेले याचं रडून झालं होतं. पण या अंगणात तो माणूस तेवढा एक शब्द म्हणायचा राहिला. म्हणून तो मी त्यांच्या होडीवर शिवला.

तुझं पाकीट परवा आलं. योजनेचा नवा कागद मी एबनला मोठ्यानं वाचून दाखवला. रस्ता होणार, दिवे होणार, पण होडी बांधतात तिथं भिंत नाही, वाळू पाण्यापर्यंत मोकळी. बुधवारचा सोहळा गेला. त्याच्या जागी लिहिलंय, पाहुण्यांनी होडी बांधताना पाहावी, आधी अभिवादन करावं, आणि ज्या वर्षी होडी उतरेल त्या वर्षी दोराला हात लावावा. "होडी एकदाच उतरते" हे वाक्य सरकारी कागदावर बघून एबन म्हणाला, "माझं वाक्य चोरलं यानं." आणि पुन्हा वाचायला लावलं. मंत्रिसाहेबांची सही अजून व्हायचीय हे तू लिहिलंस ते बरं केलंस. सही नाही झाली तर इथं बकऱ्या भरपूर आहेत. खुंट्या कमी पडतील.

आता शेवटचं. काल होडी पहिल्या फेरीहून आली. एबन आणि हेडमास्तरांचा नातू सिमेंट, कांदे आणि आयोनाच्या नव्या गाद्या आणायला मोठ्या बेटावर गेले होते. दिवस मावळला होता, मी नीरफणस उकडत होते. शीड अजून दिसत नव्हतं. तिवरांच्या पलीकडून, पाण्यावरून आवाज आला. दोघांचा मिळून, आणि मग किनाऱ्यावरची पोरं, आणि देवळाच्या पायरीवर बसलेली माणसं, सगळीच ओरडायला लागली. आता इथं रीतच पडणार, ती होडी आली की तिचं नाव घेऊन हाक मारायची. म्हणजे ती हाक तिचं नावही झाली आणि तिचं येणंही झालं. आठवड्यातून दोनदा ऐकायला मिळेल मला.

मी हातातली सुरी टाकली, ओल्या हातांनी खिडकी उघडली आणि उत्तर दिलं, "गुड नाइट! हात धुवा, ताटं वाढते!"

तुझं ताट पालथं घातलेलं असतं, धूळ बसू नये म्हणून.

तुझी,
आई